बुजलेला ळ

किंमत सांगणार नाही. नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्याने विचारलं तेव्हा मी चहाचं आधण ठेवायला उठले, आणि तो विषय तिथेच राहिला. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा एक हप्ता बँकेत नुसता पडून होता, त्याला शेवटी हात लागला. दुकानातून बाहेर पडले तेव्हा माझ्या पर्समध्ये एका बऱ्यापैकी फ्रिजच्या किमतीचं पेन होतं. आमच्या फ्रिजचं दार नीट लागत नाही. अजूनही लागत नाही, रात्री त्याला स्टूल लावून ठेवते.

मी काही पेनांची शौकीन नव्हे. एकतीस वर्षं पाचवी ते सातवीला मराठी शिकवलं, आणि एकतीस वर्षं लाल बॉलपेनने लिहिलं. पाच रुपयांचं, दहा रुपयांचं, दिवाळीला कुणा पालकाने दिलेलं. लाल असलं की झालं. अप्पा बळवंत चौकात त्या दिवशी गेले होते तीही भाचीच्या मुलासाठी दुरेघी वह्या घ्यायला. काउंटरच्या काचेखाली हे पेन आडवं पडलं होतं. हिरवं-काळं, उभ्या बारीक पट्ट्यांचं, सोनेरी कड्यांचं. ‘बघू का?’ म्हटलं. बघायला काय जातं, असं तेव्हा वाटलं होतं.

दुकानदाराने दौतीत निब बुडवून पेन हातात दिलं आणि एक कागद पुढे सरकवला. अशा वेळी लोक स्वतःची सही करून बघतात म्हणे. माझ्या हाताने लिहिलं, ‘कमळ’. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय. क आला, म आला आणि ळ लिहिताना त्याच्या दोन्ही पोटांत शाई भरली. मधली भोकं बुजून दोन निळे मणी झाले. दुकानदार कागदाकडे बघून म्हणाला, ‘मॅडम, जर्मन पेनाचं फाईन टोक म्हणजे आपलं मीडियमच समजा. मराठी लिहायचं असेल तर जपानी दाखवतो, त्यांची टोकं बारीक असतात. त्यांनाही चित्रलिपी लिहायची असते ना.’ त्याचं बरोबर होतं. जपानी पेनं त्याने दाखवलीही, चांगली होती. मी हेच घेतलं. त्याला कारण नाही. असलंच तर त्या पट्ट्या.

आता पट्ट्यांचं सांगते, कारण पहिले दोन दिवस मी लिहिण्यापेक्षा पेन उजेडात धरून बघण्यातच जास्त घालवले. हे पेलिकन कंपनीचं एम ८००. कंपनी जर्मनीतल्या हॅनोव्हरची, १८३८ सालची, आणि मूळ धंदा पेनांचा नाहीच, रंगांचा आणि शाईचा. १८७१ मध्ये ती गुंथर वॅग्नर नावाच्या रसायनतज्ज्ञाकडे आली. त्याच्या घराण्याच्या चिन्हात पेलिकन पक्षी होता, तोच त्याने १८७८ मध्ये कंपनीचा शिक्का म्हणून नोंदवला. घरट्यात बसलेली आई आणि तिची पिल्लं. वर्षं गेली तशी शिक्क्यातली पिल्लं कमी होत गेली, आता एकच उरलंय. टोपणाच्या डोक्यावर ते आई-पिल्लू आहे आणि खिशाला अडकवायची जी पट्टी असते ती पेलिकनच्या लांब चोचीच्या आकाराची. हे मला तिसऱ्या दिवशी दिसलं. तोवर मला ती नुसती क्लिप वाटत होती. दिसल्यावर मात्र नवऱ्याला हाक मारून दाखवली. तो म्हणाला, ‘बगळा आहे का?’

शाई-कंपनी पेनाकडे वळली ती १९२९ मध्ये. थिओडोर कोवाच नावाच्या हंगेरियन इंजिनिअरची एक युक्ती त्यांनी घेतली, आणि ती युक्ती आज माझ्या टेबलावरही जशीच्या तशी चालते. पेनाच्या शेपटाकडची मूठ फिरवायची. आत उलटसुलट आटे पाडलेले आहेत, त्यामुळे मूठ जराशीच मागे सरते, पण आतला दट्ट्या सरसर थेट खालपर्यंत जातो. निब दौतीत बुडवायची, मूठ उलटी फिरवायची, दट्ट्या वर येतो आणि त्याच्यामागून शाई. ड्रॉपर नाही, रिफिल नाही, बोटं निळी नाहीत. सव्वा मिलिलिटरच्या वर शाई मावते. त्या हिरव्या पट्ट्यांच्या मधून थोडं आरपार दिसतं, म्हणून पेन उजेडात धरलं की आत शाई कुठपर्यंत आहे ते कळतं. म्हणजे मी उजेडात बघत बसत होते ते अगदीच वेडेपण नव्हतं.

शाई भरताना एक आवाज येतो, घोट घेतल्यासारखा. तो ऐकून मला आमचा पाचवीचा वर्ग आठवला. चौथीपर्यंत पेन्सिल, पाचवीत गेलं की शाईचं पेन. पाचवीत जायचं म्हणजे मोठं व्हायचं ते एवढ्याचसाठी. शाई संपली की शेजारणीकडे उसनी मागायची. ती थेंब मोजून द्यायची. बाकावर पाच थेंब पाडायचे आणि आपण निबेखालची काळी जीभ त्यात टेकवून ते ओढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पाचाचे पाच परत. कुणी चार दिले तर महिनाभर अबोला. शाई घरोघरी कॅम्लिनची असायची, दांडेकरांची. १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली, तेव्हा त्यांचा छाप घोड्याचा होता. उंट नंतर आला. घोडा, उंट, पेलिकन. शाईवाल्यांना प्राण्यांचं एवढं काय असतं कुणास ठाऊक.

सोन्याबद्दल सगळे विचारतात, शेजारणींनी तर पहिलं तेच विचारलं. हो, निब सोन्याची आहे. १८ कॅरट, म्हणजे चार भागांतले तीन भाग सोनं. वर ७५० आकडा कोरलाय, १८ कॅरटच्या दागिन्यांच्या हॉलमार्कवर असतो तोच. थोडा भाग रोडियमचा मुलामा देऊन पांढरा ठेवलाय, त्यामुळे निब दोन रंगांची दिसते. पण कागदाला सोनं टेकतच नाही. टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूंच्या मिश्रणाचा एक इवलासा मणी डाखलेला असतो, झिजायचा तो झिजतो. सोनं आलं ते जुन्या शायांमुळे. पूर्वीच्या शायांत लोहाचे क्षार आणि आम्ल असायचं, साधं पोलाद त्यांनी खाऊन टाकलं असतं. सोन्याला काही होत नाही. आजच्या साध्या निळ्या शाईत तसलं काही नसतं आणि चांगली स्टीलची निबही वर्षानुवर्षं टिकते. तेव्हा सोन्याचे पैसे मी कशासाठी मोजले, याचं खरं उत्तर ‘दिसतं छान’ एवढंच आहे. शेजारणीला मी आम्लाचं उत्तर दिलं.

पहिल्या दिवशी घरी आले, दार लावून बसले, नवी वही उघडली आणि लिहायला लागले, तर पानाच्या खालच्या उजव्या बाजूला शाई उमटेनाच. वर सगळं ठीक, खाली आलं की अक्षर अर्धं. पोटात खड्डा पडला. फ्रिज डोळ्यांपुढे आला. पेन धुतलं, पुन्हा भरलं, पुन्हा तेच. दुकानदाराला फोन केला. त्याने विचारलं, ‘मॅडम, हाताला काही लावता का?’ लावते. खोबरेल. थंडीत हात फुटतात म्हणून दुपारच्या जेवणानंतर रोज. तळहाताची कड पानावर टेकून टेकून तिथे तेल मुरलं होतं, आणि तेलावर पाण्याची शाई कशी बसणार? बॉलपेनची शाई चिकट, तेलकटच, तिला फरक पडत नाही. म्हणून एकतीस वर्षांत मला कधी कळलंच नव्हतं. आता हाताखाली एक टीपकागद ठेवते. तेल लावायचं सोडलेलं नाही.

कागदाचीही हीच गत. भाचीच्या मुलासाठी घेतलेल्या वहीत लिहून पाहिलं तर शाई फुटली, प्रत्येक अक्षराला मिशा. मागच्या पानावर सगळं उलटं उमटलं. दोनशे पानी वहीचा तो कागद बॉलपेनसाठी आणि भाव परवडण्यासाठी केलेला, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे कपाटात मुलाच्या कॉलेजातले जर्नलचे उरलेले कोरे कागद सापडले, जाड, गुळगुळीत. त्यावर पेन असं काही चाललं की मी तीन पानं नुसती वेलांट्या काढत बसले.

पेन चालतं म्हणजे काय, ते बॉलपेनवाल्याला सांगणं कठीण आहे. बॉलपेन दाबावं लागतं. आतली गोळी फिरली तर शाई येणार, आणि ती फिरायला जोर हवा. माझ्या मधल्या बोटाला एकतीस वर्षांचा घट्टा आहे. इथे जोर नकोच. निबेची चीर आणि खालची जीभ मिळून केशाकर्षणाने शाई आपणच टोकाशी आणून ठेवतात, कागदाने ती फक्त घ्यायची. जेवढी शाई जाते तेवढी हवा आत येते. जिभेला ज्या खाचा असतात त्या जास्तीची शाई धरून ठेवायला. म्हणून पेन नुसतं टेकवायचं आणि न्यायचं. माझा हात पहिले चार दिवस ऐकेचना, दाबायचाच. निबेच्या दोन फाका विलग व्हायच्या, रेघ जाड यायची आणि मी घाबरून पेन उचलायची. दट्ट्याचे भाग पितळेचे असल्याने पेनाचं वजन मागच्या बाजूला झुकतं. टोपण मागे खोचलं तर फारच. टोपण काढून बाजूला ठेवलं, पेन हातात नुसतं पडू दिलं, तेव्हा कुठे पाचव्या दिवशी मनगट सैल झालं.

मनगट सैल झालं तसं दुसरं लफडं उभं राहिलं. शिरोरेषा.

मी मुलांना शिकवत आले, आधी सगळा शब्द लिहा, मग वरून रेघ द्या. फळ्यावर, पेन्सिलीने, बॉलपेनने हे ठीक. पण या पेनाची शाई क्षणभर ओली राहते. शब्द लिहून मागे येऊन रेघ ओढायची, तर ती प्रत्येक काना ओलांडताना ओली शाई सोबत घेऊन जाते आणि सांध्यासांध्यावर टिकली साठते. ‘महाराष्ट्र’ लिहिलं तर वर टिकल्यांची माळ. रोमन लिपीला हा प्रश्न नाही, तिथे अक्षराच्या डोक्यावरून पुन्हा कुणी जात नाही. आणि हे पेन त्या लिपीसाठीच बनलंय हे मान्य करायला हवं. टोकाचा मणी गोल, त्यामुळे रेघ कुठूनही कुठेही न्या, साधारण एकाच जाडीची. आपली देवनागरी बोरूवर वाढलेली. बोरूचं टोक तिरकं छाटतात, तेही रोमन लिहिण्यासाठी छाटतात त्याच्या उलट बाजूने, आणि अक्षराला जाडी-बारकी येते ती त्या छाटातून. गोल मण्याने ते यायचं नाही. मला फळ्यावरच्या खडूची सवय, म्हणून त्याचं दुःख झालं नाही. टिकल्यांचं झालं.

मग मोडी आठवली. मला मोडी येत नाही, पण शाळेच्या जुन्या दफ्तरात तिचे कागद पाहिलेत. मोडीत रेघ आधी. कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि अक्षरं त्यांना खाली लटकवत, हात शक्य तितका न उचलता, पळवत न्यायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपला कारभार असाच लिहिला गेला. म्हटलं, करून बघू. रेघ आधी ओढली, अंदाजाने. अक्षर लिहीपर्यंत ती वाळून जाते, टिकल्या गायब. आणि हात थांबत नाही, मागे वळत नाही, म्हणून वेगही येतो. शाळेत कुणा मुलाने असं केलं असतं तर मी वहीत लाल रेघ मारली असती. मारलीही आहे. सातवीतला एक होता, रेघ आधी मारायचा आणि मग ती शब्दापेक्षा लांब उरायची. ‘रेघ शब्दाएवढीच’ असा शेरा त्याला वर्षभर दिला.

लिहायला काही नाही, हे सहाव्या दिवशी कळलं. वेलांट्या झाल्या, ‘कमळ’, ‘बदक’ झालं, दुधाचा हिशेब झाला, वाण्याची यादी झाली. आणि अक्षर बघितलं तर ते माझं नव्हतंच. म्हणजे चांगलं होतं, गोल, सुटं, दुरेघीत बसेल असं. कित्त्याचं अक्षर. फळ्यावर मुलांना दाखवायचं म्हणून घोटलेलं. दुसरं माझ्याकडे होतं ते शेऱ्याचं, ‘छान’, ‘अक्षर सुधारा’, ‘पाहिले’. ‘पाहिले’ तर मी एका फटकाऱ्यात काढायची, त्यात अक्षरं नसतातच. एकतीस वर्षं जे लिहिलं ते एकतर दुसऱ्याने बघून गिरवावं म्हणून, नाहीतर दुसऱ्याच्या लिहिण्यावर. कधी स्वतःचं पत्रसुद्धा लिहिलं नाही, फोन आला होता ना.

मध्येच एक वाचनात आलं ते सांगते, इथे बसतं की नाही माहीत नाही. जर्मनीत शाळेतली मुलं अजूनही शाईच्या पेनाने लिहायला शिकतात, या कंपनीचं खास शाळेसाठीचं पेन १९६० पासून आहे. तिथे निळी शाई पुसायचं एक पेनही मिळतं. ते अक्षरावरून फिरवलं की त्यातल्या रसायनाने निळा रंग उडतो, कागद पांढरा. मग त्यावर दुसऱ्या टोकाने दुरुस्ती लिहायची. मी वाचून हबकलेच. खाडाखोडीला मी अर्धा गुण कापत असे. तिथल्या बाई काय कापत असतील?

तर पत्र. चिपळूणला ताई असते, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला लिहायला घेतलं, सहज, पेन चालवायचं म्हणून. पहिलं पान कित्त्याचं झालं. दुसऱ्या पानावर तिच्या आंब्याच्या झाडावरून तिच्याशी मनातल्या मनात भांडण सुरू झालं आणि अक्षर पळायला लागलं. रेघ आधी, अक्षरं मागून, उकार खाली वाट्टेल तिथे. चार पानं झाली. वाचून पाहिली नाहीत, नाहीतर मी लाल पेन शोधलं असतं. टपालपेटी कुठे आहे तेही आठवत नव्हतं. शेवटी पोस्टातच जाऊन टाकलं.

पाच दिवसांनी तिचा फोन. आंब्याच्या झाडाबद्दल अक्षर काढलं नाही. म्हणाली, ‘अगं, तू ळ असा कधीपासून काढायला लागलीस?’

‘कसा?’

‘बुजका. आईसारखा. डब्यांवर नसायचा का?’

आमची आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने आयुष्यात काही लिहिलं असेल तर स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या, जुन्या वहीचा कागद कापून खळीने चिकटवलेल्या. तांदूळ, हळद, तूरडाळ, तीळ, गूळ. वाण्याकडून येणाऱ्या अर्ध्या जिन्नसांत ळ. माझ्या बाबांचं एक गळकं पेन होतं, कचेरीत न्यायच्या लायकीचं न उरल्यावर ते फडताळात राहायचं, त्यानेच ती लिहायची. मी हे सगळं विसरले होते असं नाही. पण तिचा ळ कसा होता, ते विचारलं असतंत तर मला सांगता आलं नसतं.

ताई म्हणाली, ‘थांब, एक डबा आहे माझ्याकडे.’

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. पितळी डबा, चिंच लावून घासून घासून चिठ्ठीची एक कड गेलेली. ‘गूळ’. शाई तपकिरी पडली आहे, ळच्या दोन्ही पोटांत दोन मणी. मी फोटो मोठा करून पाहिला. ग आणि ळ संपतात तिथे रेघ संपत नाही, पुढे चांगली दोन अक्षरं जागा होईल इतकी तशीच जाते, कागदाच्या कडेपर्यंत.

फोटोखाली ताईने लिहिलं होतं, ‘पेन नवीन दिसतंय. केवढ्याला पडलं?’

पत्रानेच उत्तर देते म्हटलं. पट्ट्यांतून उजेडात धरून पाहिलं, दोन पानांपुरती शाई आहे. त्यात मी तिला सोन्याचं सांगेन, पेलिकनच्या चोचीचं सांगेन, आणि आंब्याच्या झाडाचं तर सांगणारच आहे.